वणी आणि पांढरकवडा : वऱ्हाडी पोथ्यांतील णकाराची चिकित्सा

वऱ्हाडांत लिहिल्या गेलेल्या जुन्या पोथ्या, वह्या व कागदपत्र छापतांना संपादकांकडून एक दुरुस्ती इतक्या सहजगत्या होते कीं, आपण कांहीं बदललें हेंही बहुधा त्यांच्या ध्यानांत राहत नाहीं. मुळांत 'पानी' असतें, तें छापील पुस्तकांत 'पाणी' होतें. 'कोन आला' याचें 'कोण आला' होतें, 'बहीन' ची 'बहीण' होते. लेखकाचे प्रमाद सुधारून घेतल्याचें एक मोघम वाक्य प्रस्तावनेंत असतें व तेवढ्यानें हिशेब पुरा झाला असें समजलें जातें. या प्रघातावर येथें टीका करावयाची आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें : वऱ्हाडी लेखकाच्या हातून ण च्या जागीं पडलेला न, आणि विशेषतः न च्या जागीं पडलेला ण, हा त्याच्या मुखाचा आणि मुलखाचा दाखला असतो. एक ध्वनि एका प्रांताच्या तोंडून केव्हां नाहींसा झाला हें ठरविण्यास या दाखल्यांएवढें दुसरें साधन नाहीं. संपादक नेमकें तेंच साधन पुसून टाकतो, व पुसल्याची खूणही मागें ठेवीत नाहीं.

मुळाक्षरें शिकवितांना 'ण बाणाचा' असें म्हणण्याची चाल आहे, कारण ण नें आरंभ होणारा शब्दच भाषेंत सांपडत नाहीं. यवतमाळ जिल्ह्याच्या खेड्यांत ज्यानें उमेदीचीं वर्षें शिकविण्यांत घालविलीं त्यास ठाऊक असतें कीं, येथील मूल हेंच सूत्र 'न बानाचा' असें म्हणतें, आणि गुरुजी पुनः पुनः कां सांगत आहेत याचें त्यास नवल वाटतें. शब्दारंभीं ण न येणें ही कांहीं मराठीची एकटीची गोष्ट नव्हे. तमिळ भाषेंतही ण नें शब्द आरंभत नाहीं. संस्कृत धातुपाठांत णम्, णी असे धातु ण नें लिहिलेले आहेत खरे. परंतु पाणिनीनें सहाव्या अध्यायांत त्या आरंभींच्या ण चा न करून टाकला, आणि तो ण केवळ एक खूण म्हणून उरला. 'प्रणमति', 'परिणय' अशा रूपांत उपसर्गांतील र चा आधार मिळाला कीं तो पुनः प्रकट होतो.

जिभेचें टोंक मागें वळवून टाळूच्या कठीण भागास लावावयाचें आणि वारा नाकावाटें सोडावयाचा, ही या मूर्धन्य अनुनासिकाची कृति. जगांतल्या बहुसंख्य भाषांत तो नाहीं. ऑस्ट्रेलियांतील वार्लपिरीसारख्या मूळच्या भाषांत तो आहे. मलयाळमांत दंत्य, वर्त्स्य आणि मूर्धन्य असे तीन निरनिराळे नकार शेजारीं शेजारीं नांदतात. युरोपांत तो स्वीडिश व नॉर्वेजिअन भाषांत आढळतो, आणि तेथें तो ज्या वाटेनें आला ती संस्कृतज्ञांस ओळखीची वाटेल. त्यांच्याकडे र च्या पुढें न आला म्हणजे दोहोंचा मिळून ण होतो. मूल या अर्थाचा त्यांचा 'बार्न' हा शब्द त्या देशांच्या बऱ्याच भागांत जवळजवळ 'बाण' असाच कानीं पडतो; म्हणजे 'ण बाणाचा' हें सूत्र स्टॉकहोमच्या शाळेंतही चालून जाईल. पाणिनीचा णत्वविधि याहून व्यापक आहे. तेथें र अथवा ष दूर असला, मध्यें स्वर, कवर्ग वा पवर्ग आला, तरी न चा ण होतो, म्हणून रामेण, कर्मणा. मध्यें चवर्ग, टवर्ग वा तवर्ग आडवा आला कीं होत नाहीं, म्हणून अर्चन आणि रचना.

हिंदुस्थानांत या ध्वनीचे दोन पट्टे स्पष्ट दिसतात. सिंध, पंजाब, राजस्थान, गुजरात, महाराष्ट्राचा देश भाग, आणि पूर्वेस एकटा पडलेला ओरिसा, येथें ण बोलण्यांत आहे. गंगेच्या खोऱ्यांतील बोलींत तो नाहीं, आणि बंगालींत अक्षर आहे पण उच्चार न चाच होतो. वऱ्हाड या दोहोंच्या शिवेवर आहे. मात्र शिवेवरचा म्हणून तो दुसऱ्याची नक्कल करतो, असें अनुमान लगेच काढूं नये.

आतां मराठीचा नियम पाहूं. झूल ब्लॉक यांनीं १९२० सालीं प्रसिद्ध केलेल्या फ्रेंच ग्रंथांत तो सिद्ध केला, व वा. गो. परांजपे यांच्या 'मराठी भाषेचा विकास' या १९४१ च्या भाषांतरामुळें तो मराठी वाचकांस सुलभ झाला. संस्कृतांत दोन स्वरांमध्यें एकेरी न असला तर मराठींत त्याचा ण होतो : पानीय-पाणी, जन-जण, मानुष-माणूस, स्थान-ठाणें, नवनीत-लोणी, भगिनी-बहीण, घन-घण. उलट संस्कृतांत र्ण, न्न, न्य असें जोडाक्षर असलें तर प्राकृतांत त्याचें द्वित्व होतें व मराठींत एकेरी न शिल्लक राहतो : कर्ण-कान, पर्ण-पान, चूर्ण-चुना, सुवर्ण-सोनें, धान्य-धान, शून्य-सुनें. यांतील मौज अशी कीं, जेथें पाणिनीनें र च्या बळावर ण दिला तेथें मराठीनें न केला, आणि जेथें त्याच्याकडे साधा न होता तेथें मराठीनें ण केला. पाणी आणि पान या दोन शब्दांतल्या भेदांत हजार-दीड हजार वर्षांचा इतिहास सांठलेला आहे. देशावरील निरक्षर माणूसही हा इतिहास बिनचूक उच्चारतो. वऱ्हाडांतील माणूस दोन्ही ठिकाणीं न म्हणतो, व त्याच्या तोंडीं तो इतिहास बुजलेला असतो.

सर जॉर्ज ग्रीअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ सालीं निघाला. मराठीचा हा खंड स्टेन कोनो यांनीं तयार केला आणि वऱ्हाडी बोलींत ण च्या जागीं न येतो ही नोंद त्यांत आहे. या ग्रंथाबद्दल आमच्या मनांत आदरच आहे; त्यावांचून पुष्कळ बोलींचा एक शब्दही कागदावर उतरला नसता. तथापि या विषयापुरते त्यांत दोन दोष दिसतात. त्यांतील नमुने जिल्ह्याजिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांमार्फत, एकाच ख्रिस्ती दृष्टांतकथेचीं भाषांतरें लिहवून घेऊन, मागविलेले होते. लिहून देणारा शिकलेला, आणि शिकलेल्याच्या हाताला ण ची संवय. अशा नमुन्यांत एका ओळींत न व दुसरींत ण पडला तर तो भेद बोलीचा कीं लेखणीचा, हें सांगतां येत नाहीं. दुसरा दोष अधिक महत्त्वाचा. पुण्याची बोली हें माप धरून वऱ्हाडीनें कोठें काय बदललें एवढेंच तेथें टिपलें आहे. हा बदल केव्हांचा, हा प्रश्न विचारलेलाच नाहीं. पुढील अभ्यासकांनींही तो फारसा विचारला नाहीं. 'वऱ्हाडी माणसाला ण म्हणतां येत नाहीं' ही समजूत मात्र पक्की झाली, आणि ती लोकांच्या थट्टेपुरती न राहतां संपादकांच्या टेबलापर्यंत पोहोंचली.

ही समजूत खोटी आहे. या जिल्ह्यांतलीं दोन तालुक्यांचीं गांवें घ्या, वणी आणि पांढरकवडा. येथील शेतकरी पहिल्याला 'वनी' म्हणतो. तोच शेतकरी 'पांढरकवडा' म्हणतांना अनुस्वाराच्या जागीं शुद्ध मूर्धन्य ण उच्चारतो, कारण पुढें ढ आहे. तोंड, अंडें, घंटा, खंडी या शब्दांतही तसेंच. म्हणजे जीभ वळत नाहीं असें मुळींच नाहीं. टवर्गाच्या आधाराशिवाय, स्वतःच्या पायांवर उभा असलेला ण तेवढा या बोलींत उरला नाहीं. आर्णीची 'आर्नी', जामणीची 'जामनी' आणि अडाण नदीची 'अडान' झाली ती याच न्यायानें. ळ ची गोष्ट याहून निराळी, तो पुष्कळ ठिकाणीं य होतो, केळापूरचें 'केयापूर' होतें. पण त्याचा विचार येथें ओझरताच करावा लागेल.

याचें कारण कोलाम व गोंड यांच्या सहवासांत शोधण्याची एक रीत आहे. वणी, मारेगांव, झरी-जामणी, केळापूर या भागांत कोलामांची वस्ती मोठी असल्यामुळें ती कल्पना येथें विशेष मोहक वाटते. तिला वरवर आधारही आहे. एमेनो यांनीं वर्ध्याकडील कोलामीवर १९५५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथावरून दिसतें कीं, तमिळमधील 'कण्', कानडींतील 'कण्णु', म्हणजे डोळा, हा शब्द कोलामींत 'कन्' असा आहे. पण त्याचें अनेकवचन 'कण्ड्ल्' होतें. ड पुढें आला कीं ण परत येतो, एरवीं न. वणी आणि पांढरकवडा यांचाच हा न्याय! शेजारच्या तेलुगूंतही डोळ्याला 'कन्नु' म्हणतात. इतकें साम्य पाहून कोणासही वाटावें कीं प्रश्न सुटला.

पण तो सुटत नाहीं. ण चा न होणें ही गोष्ट खानदेशांत आहे, नागपुराकडे आहे, आणि ठाणें-कुलाब्याच्या किनाऱ्यावर आगऱ्यांच्या बोलींतही आहे; तेथें कोलाम कोठून आणावयाचे? शिवाय, संस्कृतांत मूर्धन्य वर्ण आले तेच मुळीं द्राविडांच्या संसर्गानें, असें एक जुनें मत आहे. तें मत धरणारेच जेव्हां वऱ्हाडांतला ण गेला तोही द्राविडांमुळें असें म्हणतात, तेव्हां दक्षिणेकडील द्राविड भाषा आणि मध्यप्रांतांतल्या द्राविड बोली यांतील भेद त्यांनीं आधीं सांगावयास पाहिजे. तो सांगितल्याशिवाय एकाच शेजाऱ्यावर देण्याचा व नेण्याचा असे दोन्ही आरोप ठेवणें हें न्यायाला धरून नाहीं. आमच्या मतें कोलामींतील साम्यावरून इतकेंच म्हणतां येईल कीं, या प्रदेशांत एकापेक्षां अधिक भाषांनीं एकच वाट धरली. कोणी कोणास ती दाखविली हें ठरविण्यास काळाचा पुरावा हवा.

याच जिल्ह्यांत उलट बाजूचाही साक्षीदार आहे. पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांत बंजारांचे तांडे पुष्कळ आहेत आणि त्यांची गोरमाटी बोली राजस्थानीच्या कुळांतली. तिच्यांत ण आणि ळ दोन्ही शाबूत आहेत. गांवांतला मराठी कुणबी 'पानी' मागतो आणि शेजारच्या तांड्यावर 'पाणी' म्हणतात. पुण्याच्या कानास जें शुद्ध मराठी वाटेल तें येथें तांड्यावर ऐकूं येतें, ही गोष्ट शुद्धाशुद्धाचे निवाडे देणाऱ्यांनीं एकदां तरी लक्षांत घ्यावी.

मग हा ण वऱ्हाडांतून गेला केव्हां? एके काळीं तो येथें होता याविषयीं फारशी शंका दिसत नाहीं. वत्सगुल्म, म्हणजे शेजारचें वाशीम, ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तेथील सर्वसेन राजानें माहाराष्ट्री प्राकृतांत 'हरिविजय' रचलें. तें आज केवळ इतरांनीं घेतलेल्या उताऱ्यांतून कळतें. वाकाटकांच्याच दुसऱ्या शाखेंतील प्रवरसेनाचें 'सेतुबंध' मात्र उपलब्ध आहे. विंध्यशक्ति द्वितीयाच्या वाशीम ताम्रपटांत वंशावळ संस्कृतांत आणि दानाचा व्यवहार प्राकृतांत आहे. वररुचि ज्या प्राकृताचें व्याकरण सांगतो त्यांत न सर्वत्र ण होतो, आणि हेमचंद्र शब्दाच्या आरंभीं तेवढा विकल्प ठेवतो. ज्या विदर्भांत राजेलोक न चा ण करून काव्यें रचीत होते, त्याच विदर्भांत पुढें ण चा न झाला. काव्याची भाषा ही बोली नव्हे हा आक्षेप आम्ही जाणतों. पण पुढें, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत, रिद्धपुराच्या परिसरांत महानुभावांचें गद्य लिहिलें गेलें, आणि त्याच्या पोथ्यांत ण भरपूर आहे. तो त्या काळच्या वऱ्हाडी मुखांतला कीं नंतरच्या लेखकांच्या वळणांतला, हें मात्र कळावयास हवें. चक्रधरस्वामी परंपरेप्रमाणें गुजरातेंतील भडोचचे. त्यांच्या स्वतःच्या तोंडीं ण असणारच. त्यांच्या शिष्यांच्या तोंडीं काय होतें?

या प्रश्नाला उत्तर देण्यास फारशी सनदा निरुपयोगी आहेत, कारण फारशी लिपींत न आणि ण यांस निराळीं अक्षरें नाहींत. वऱ्हाड दीर्घकाळ निजामाकडे असल्यानें असे कागद येथें पुष्कळ सांपडतात व त्यांवरील गांवांच्या नांवांनीं भुलून जाण्याचा संभव असतो. इंग्रजी कागदही तसेच मुके. हा जिल्हा पूर्वीं वणीच्या नांवानें ओळखला जाई आणि इंग्रजींत त्याचें 'वून' असें रूप रूढ होतें, सर्वेक्षणांतही तेंच आहे. परंतु रोमन लिपींत दोहोंस एकच अक्षर असल्यामुळें त्यावरून उच्चार सिद्ध होत नाहीं. साक्ष उरते ती बाळबोध व मोडी लेखनाची, आणि तीही मुळाबरहुकूम वाचली गेली तरच.

साक्ष कशी तपासावी याविषयीं थोडें सविस्तर लिहितों, कारण नुसता न दिसला कीं वऱ्हाड, असेंही कोणी समजूं नये. एखाद्या लेखकानें 'पाणी' आणि 'कान' असें बरोबर लिहिलें, तर तो देशावरचा असेल किंवा चांगला शिकलेला असेल किंवा समोरची पोथी डोळ्यांत तेल घालून उतरीत असेल. त्याच्या मुखाविषयीं त्यावरून कांहींच कळत नाहीं. ज्यानें 'पानी' आणि 'कान' असें लिहिलें तो बोलतो तसें लिहितो. पण सर्वांत मोलाचा तो लेखक, जो 'पाणी' लिहितो आणि 'काण'ही लिहितो, 'सोनें' याचें 'सोणें' करतो, 'दोन' चें 'दोण' करतो. त्याला शिक्षणानें एवढें कळलें आहे कीं न हा गांवढळ व ण हा प्रतिष्ठित. कोठें कोणता हें सांगावयास त्याचा कान त्यास साहाय्य करीत नाहीं. देशावरच्या अर्धशिक्षित माणसाच्या हातून 'काण' कधींच पडणार नाहीं, कारण तें त्याच्या जिभेलाच खटकेल. असा उलटा ण हा त्या लेखकाच्या मुखांतून भेद नाहींसा झाल्याचा निर्णायक पुरावा होय. आणि संपादकांच्या झाडूखालीं प्रथम सांपडतो तोही हाच, कारण तो सर्वांत हास्यास्पद दिसतो.

'पानी' एकट्यानें मात्र कांहीं सिद्ध करीत नाहीं. नागपूरकर भोसल्यांच्या दफ्तरांत उत्तरेकडील माणसांचा हात लागलेला असूं शकतो आणि निजामाच्या मुलखांतल्या कागदांवर दखनीची छाया असते. दोन्हींकडे 'पानी' हेंच रूप. वजनाच्या 'मण' चें 'मन' झालेलें कापसाच्या व धान्याच्या हिशेबांत आढळलें तर तें बोलींतून आलें कीं हिंदुस्थानींतून, याचा निर्णय त्या एका शब्दावर करूं नये. न बरोबर 'मले', 'त्याले' अशी चतुर्थी आणि 'डोया', 'काया' असा ळ चा य, या तिन्ही खुणा एका हाताच्या लेखनांत एकत्र आल्या, तर तो हात वऱ्हाडचा असें म्हणण्यास हरकत नाहीं. अक्षरांच्या वळणाचाही विचार करावा. ण ची मुंबईकडील आणि उत्तरेकडील अशीं दोन वळणें होतीं, व अनोळखी वळण वाचतांना नकलकार चुकूं शकतो. पण अशी चूक सर्व ण कारांवर सारखी पडते, ती कांहीं शब्दाची व्युत्पत्ति पाहून पडत नाहीं, यावरून ती ओळखतां येते.

पद्यांत आणखी एक साधन आहे. ओवीच्या यमकांत 'पाणी' आणि 'रानीं' यांची जोडी पडली तर ती नकलकाराची नव्हे, कवीची. एखाद्या ठिकाणीं कोणताही कवि सैल यमक घेईल. देशावरच्या कवींनींही घेतलें असेल. परंतु शेंकडों ओव्यांच्या ग्रंथांत न-ण यमकें पदोपदीं येत असतील तर त्या कवीच्या कानास ते दोन ध्वनि एकच होते. मोजणी केल्याशिवाय हें कळणार नाहीं. मोजणी हें कंटाळवाणें काम खरें, पण पाठभेदांच्या टीपा जमविणाऱ्यास तें अवघड वाटूं नये.

महानुभाव पोथ्यांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. य. खु. देशपांडे यांचें 'महानुभावीय मराठी वाङ्मय' १९२५ सालीं निघालें तेव्हांपासून यवतमाळचें नांव या अभ्यासाशीं जोडलेलें आहे, म्हणून येथील संग्राहकांना हें मुद्दाम सांगावेंसें वाटतें. हा पंथ पंजाब व त्यापलीकडे पेशावर-काबूलपर्यंत पसरला होता. तिकडील मठांत मराठी पोथ्यांच्या नकला झाल्या. पंजाबींत ण जिवंत आहे. इतकेंच नव्हे तर मराठीचाच नियम तेथेंही लागू पडतो, पाण्याला 'पाणी' आणि कानाला 'कन्न' म्हणतात. त्यामुळें पंजाबी नकलकारास न-ण हा भेद आपल्या मातृभाषेंतच बिनचूक मिळालेला होता. वऱ्हाडी लेखकाची न-बहुल पोथी त्याच्या हातीं पडली तर 'पानी' चें 'पाणी' तो न कळत करील आणि 'कान' जसाचा तसा ठेवील. अशी पंजाबांत उतरलेली पोथी 'शुद्ध' दिसते म्हणून तीच मूळाजवळची मानणें हा मोठा भ्रम ठरेल. येथें सांकेतिक लिप्यांचा उपयोग होण्यासारखा आहे. सकळ लिपींत अक्षरागणिक संकेत ठरलेला असतो, म्हणून न लिहितां लिहितां घसरून ण झाला असें होण्याची शक्यता थोडी. तेथें जो वर्ण आहे तो बहुधा लेखकास अभिप्रेत होता. अडचण इतकीच कीं, अशा पोथीचें बाळबोध करतांना उकल करणारा आपला ण तींत घालतो, आणि पुढील संपादक ती उकलच मूळ म्हणून वापरतो.

प्राकृत ग्रंथांच्या संपादनांत हा वाद पूर्वींच होऊन गेला आहे. जैन पोथ्यांत शब्दारंभीं न आणि द्वित्वांत न्न लिहिण्याचा प्रघात आढळतो. वैयाकरणांच्या सूत्राप्रमाणें तेथें ण हवा. सूत्र प्रमाण मानून पोथी सुधारावी कीं पोथी प्रमाण मानून सूत्राची व्याप्ति पाहावी, यावर मतभेद झाले. तरी निदान तेथें वाद झाला. मराठींत तो होतच नाहीं, कारण ज्याच्या हातीं मुद्रण त्याचें व्याकरण. खरें पाहतां प्रमाण म्हणविणारी मराठी तरी या बाबतींत कोठें निर्दोष आहे? भूमितींत आपण 'काटकोन त्रिकोण' असें म्हणतों. एकाच संस्कृत 'कोण' शब्दाचीं हीं दोन रूपें, पहिल्यांत न आणि दुसऱ्यांत ण, आणि दोन्ही शुद्ध! विद्यार्थ्यानें उलटें लिहिलें तर गुण कापले जातात. 'किसन' हें नांव तर पुण्यांतही चालतें; तेथें कृष्णाच्या ण ची कोणी विचारपूस करीत नाहीं.

छापील ग्रंथ सामान्य वाचकास सुगम व्हावा म्हणून असे बदल करावे लागतात, असें या प्रघाताचें समर्थन केलें जातें. शालेय आवृत्तीपुरतें तें आम्हांस मान्य आहे. पण संशोधनासाठीं म्हणून छापलेल्या ग्रंथांत मूळ पाठ मजकुरांत ठेवून प्रमाणरूप समासांत द्यावें, अथवा निदान सर्व न-ण स्थळांची यादी शेवटीं जोडावी, यांत वाचकाची कोणतीही गैरसोय नाहीं. १९६२ च्या लेखननियमांनीं व्युत्पत्तिदर्शक अनुस्वार गेले, आणि आज तरुण वाचकास 'घरें' आणि 'घरे' यांतील भेद सांगावा लागतो; तो बदल निदान जाहीर करून, चर्चा करून झाला. पोथ्यांतील न मात्र कोणास न विचारतां जात आहे. हातानें नक्कल करण्याचे दिवस आतां संपले, पोथ्यांचीं छायाचित्रें घेतलीं जातात व रिद्धपुरास मराठी भाषेचें विद्यापीठही स्थापन झालें आहे. तेव्हां मूळ पाहण्याची सोय वाढली हें खरें. परंतु छायाचित्रावरून अक्षरजुळणी करणारा माणूस जोंपर्यंत 'पानी' वाचून 'पाणी' जुळवितो, तोंपर्यंत शोध घेणाऱ्यास छापील शब्दांतून तो न सांपडावयाचा नाहीं.

यवतमाळ, वाशीम, अमरावती व अकोला या जिल्ह्यांतील ज्या गृहस्थांच्या संग्रहीं शके १७५० च्या पूर्वींच्या बाळबोध किंवा मोडी पोथ्या व घरगुती वह्या असतील, त्यांनीं 'काण', 'पाण' (झाडाचें), 'सोणें', 'दोण', 'चुणा' अशीं उलट्या ण चीं रूपें आढळल्यास त्रैमासिकाकडे कळवावीं. सोबत लेखनाचा शक, समाप्तिलेखांत दिलेलें लेखकाचें गांव, पत्राचा अंक व ओळ द्यावी, आणि त्याच पृष्ठावर ळ च्या जागीं य अथवा 'ले' प्रत्यय आला आहे किंवा नाहीं हें लिहावें. एका पानावर एकच उदाहरण असलें तरी चालेल. पोथी बांधून घेण्यापूर्वीं कडेच्या ओळी मात्र पाहाव्या, कारण बांधणींत कडा कापल्या जातात व समासांत घातलेल्या दुरुस्त्या प्रथम तेथेंच नष्ट होतात.